हिरड्यांचा तुलनात्मक अभ्यास

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून संशोधन सुरू. विषय: हिरड्यांसाठी सोनिक ब्रश चांगला, की गोल डोक्याचा फिरणारा? एकतीस वर्षं कॉलेजच्या लॅबमध्ये टेस्ट ट्यूब धुतल्या, पेपर छापले दुसऱ्यांनी. आता हा अंबादास स्वतः करणार.

सोनिक ब्रश सौमित्रने दिवाळीत आणला. नुसता थरथरतो, तोंडाला मुंग्या येतात. ब्रशचं ॲप माझ्या फोनवर, पण खातं सौमित्रच्या ईमेलचं. घासलं की हिरवी खूण येते, ती तिकडे बेंगळुरूला चिरंजीवांनाही दिसते. जाताना म्हणाला, बाबा, मी बघत जाईन. म्हणजे वरून देखरेख आहे. हयगय चालणार नाही.

गोल ब्रश मी राजारामपुरीतून आणला. त्याला ॲप नाही. चार रंगांच्या रिंगा आल्यात, घरातल्या चौघांना आपापलं डोकं ओळखता यावं म्हणून. चारही मीच वापरणार. आज निळा.

डावी बाजू सोनिक, उजवी गोल. शिस्त म्हणजे शिस्त.

५ नोव्हेंबर, बुधवार
अडचण. उजवी बाजू ॲपला कळतच नाही. सौमित्रला वाटेल, बाप अर्धंच तोंड घासतो. म्हणून उजवीकडूनही एकदा सोनिक फिरवला. याने निष्कर्षात काही फरक पडत नाही.

त्याचा फोन नाही. खुणा दिसतायत, मग फोन कशाला करेल?

९ नोव्हेंबर, रविवार
त्याला सुट्टी. म्हणजे दिवसभर फोन हातात. अकरा वेळा घासलं. हिरड्यांतून थोडं रक्त. जुनी घाण बाहेर पडत असावी.

११ नोव्हेंबर, मंगळवार
भांडी घासायला येणाऱ्या चिमणाबाईंनी बिद्रीच्या भावाकडचा ऊस आणला. सत्तरीची बाई, मिश्री लावते, आणि उभ्याउभ्या दातांनी ऊस सोलून खाल्ला. मला एक कांडकं दिलं. चावलं तर ऊस लाल. त्या म्हणाल्या, आण्णा, हिरड्या काय घासून भक्कम हुत्यात व्हय? दिवसभर तोंड मिटून बसलासा तर कुजत्यातच की!

अडाणी मत. नोंद घेतली नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
दातांच्या डॉक्टर ऋता. वयाने सौमित्रएवढ्या. म्हणाल्या, ब्रश दोन्ही चांगले, हात हलका हवा. घासून घासून हिरड्या मागे सरकल्यात. दिवसातून किती वेळा घासता? दोनदा, म्हणालो. त्यांनी फोन मागितला, ॲप उघडलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग विचारलं, घरी कोण असतं?

याचा हिरड्यांशी काय संबंध? मुलगा लक्ष ठेवतो, म्हणालो. बाहेर पेशंट ताटकळत होते, तरी वीस मिनिटं बोलत बसल्या. बाई हुशार आहेत. पुन्हा दाखवायला हवं.

२० नोव्हेंबर, गुरुवार
संशोधनाचा दुसरा टप्पा. सोनिक बंद, साधा ब्रश. खूण गेली नाही की सौमित्र घाबरणार, तासाभरात फोन. उत्तर तयार ठेवलंय: अरे, काही नाही, मी ठणठणीत.

दुपार. मीटिंगमध्ये असेल.

संध्याकाळ. गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला जाणं रद्द. तिथल्या गलक्यात रिंग ऐकू येत नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
फोन बिघडला असावा. चिमणाबाईंना मिस्ड कॉल द्यायला लावला. वाजला.

२३ नोव्हेंबर, रविवार
आता कळलं! फोन कशाला करेल, तो निघालाच असणार. बापाला काही झालं म्हणून थेट गाडीत बसला असेल. सकाळीच दोघांपुरतं मटण आणलं. पांढरा रस्सा त्याच्या आवडीचा, नारळाचं दूध हाताने काढलं.

संध्याकाळ. चिमणाबाईंना डबा भरून दिला. आण्णा, पावणं आलं न्हाईत व्हय, म्हणाल्या. बस चुकली असेल, म्हणालो.

२५ नोव्हेंबर, मंगळवार. ११.४०
फोन आला! सौमित्रच! बाबा, ओटीपी आलाय बघा, पटकन सांगा. सहा आकडे सांगितले. तो ठेवणार एवढ्यात विचारलं, पाच दिवस खूण नाही, बघितलंस ना? कसली खूण, म्हणाला. मग हसला. ते ॲप होय? इकडे आलो आणि दोन दिवसांत काढून टाकलं. सारखं वाजायचं. चला बाबा, मीटिंग आहे.

वाजायचं, म्हणजे सुरुवातीच्या खुणा पोचल्या होत्या. ही जमेची बाजू.

वाईट वाटलं. लिहून ठेवतो, इथे कोण वाचतंय?

२६ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी ६.१०
निष्कर्ष: ब्रश दोन्ही सारखेच.

सोनिक, दोन मिनिटं, हलका हात. हिरवी खूण आली. मी बघितली.