तारेला लावलेले आठ कागद

लिहून ठेवणार मी, वय सव्वीस, शिक्षण सातवी आणि आठवीचे दोन महिने, धंदा सध्या रंगारी, घरात व गल्लीत भिंगरी या नावाने ओळखला जाणारा. आज शुद्धीवर आहे, ताप नाही, प्यायलेलो नाही, आणि डोक्यावर उभे राहून कोणी हे लिहून घेत नाही. वडिलांच्या मृत्युपत्राची झेरॉक्स माझ्या पेटीत आहे. अवघड शब्द तिच्यातून घेतले आहेत, बाकीचे माझे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण देण्यासारखे काही आहे असे कधी वाटले नाही. एक घर आहे. तेही राहते की जाते ते एकवीस दिवसांत कळेल.

लिहिण्याचे कारण असे. उद्यापासून मी कारखान्याच्या जुन्या धुराड्यात, आतून दोराला लटकून काजळी खरवडायचे आणि लेप मारायचे काम धरले आहे. मजुरी तिप्पट. तिप्पट का, ते कामगारांच्या खोलीतली माझ्या खालची खाट सांगते. ती महिनाभर रिकामी आहे. तिच्यावर झोपणारा याच कामावर होता, आता इस्पितळात पाठीवर पडून आहे आणि पाय हलत नाहीत. ठेकेदार मला म्हणाला, "घाबरतोस काय? दोर नवा आहे." मी म्हटले, "दाखवा." तर म्हणाला, "येतोय."

अर्धी मजुरी त्याने आगाऊ दिली, ती मी आज ताईकडे पाठवली. उरलेली अर्धी वीस दिवसांनी, काम पुरे झाल्यावर. दोन्ही मिळून घरपट्टीची थकबाकी दंडासकट फिटते. एकात फिटत नाही.

कलम पहिले. स्थावर मिळकत. दोन खोल्या, मागे मोरी, वर पत्रा, पुढे बसायला तीन पायऱ्या. वडील गवंडी होते. लोकांची घरे बांधून उरलेल्या वेळात त्यांनी हे बांधले, सहा वर्षे लागली. त्यांनी ते माझ्या नावे केले. झेरॉक्समध्ये कारण लिहिले आहे, "मुलाच्या पायाला भिंगरी आहे, घर नावावर असले तर परत येईल." ते वाचून तेव्हा मला राग आला होता. सदर घर मी माझ्या पश्चात आईला तिच्या हयातीपर्यंत व तिच्यानंतर ताईला पूर्ण मालकीने देतो. त्या दिवशी ते आपले असले तर.

कलम दुसरे. थकबाकी कोणाच्या चुकीने झाली. हे देण्याघेण्याचे कलम नाही, पण नोंद हवी, म्हणजे उद्या कोणी आईकडे बोट दाखवणार नाही.

आईला लिहिता वाचता येत नाही. तरी ती दरवर्षी पदराला पैसे बांधून पालिकेच्या खिडकीवर जायची, रांगेत उभी राहायची, शिक्का मारलेली पावती आणून दाराआडच्या तारेला टोचायची. एक वर्ष चुकले नाही. पाच वर्षांपूर्वी मी सुट्टीवर होतो, तेव्हा ती तीन तासांनी घरी आली आणि पाय धरून पायरीवरच बसली. मी ओरडलो. "काय बावळटासारखी रांगेत उभी राहतेस? जग कुठे चाललंय! आता बँकेतून आपोआप जातील."

"आणि पावती?"

"येईल घरी. पालिकेचा कागद आला की समज, भरले. लाव तारेला."

मोबाईलवर दहा मिनिटांत मी ते करून टाकले. त्या दिवशी मला फार मोठा झाल्यासारखे वाटले होते.

पहिल्या वर्षी पैसे गेले. मग मी फरशीचे काम सोडले, गोदामात गेलो, गोदामातून शीतगृहात, तिथून लाँड्रीत, बोटी रंगवायला, आता इथे. कोणी वर तोंड करून बोलले की मी पेटी उचलायचो. प्रत्येक ठिकाणी पगाराचे खाते नवे. जुन्या खात्यात नंतर छदामही टाकला नाही, आणि पालिकेचे पैसे तिथूनच जायचे आहेत हे डोक्यातून पार गेले. बँकेने कळवले असेल. पण तो नंबरही मी बदलला होता. ते निरोप आता कोणाच्या खिशात वाजतात देव जाणे.

पालिकेने मात्र घरी कागद पाठवले. चार वर्षांत आठ. प्रत्येक वेळी आईने फोन केला, "कागद आला रे." प्रत्येक वेळी मी म्हणालो, "लाव तारेला."

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला तेव्हा ती खुशीत होती. "या वेळी माणूस स्वतः आला होता. पावती दारालाच डकवून गेला. केवढी मोठी आहे! लाल शिक्का आहे."

"दाराला कशाला?"

"मला काय माहीत? मी पाणी दिलं तर प्यायलाही नाही. खाली बघून गेला."

मी म्हटले, शेजारच्या शिवणवाल्या काकूंना दे फोन. काकूंनी वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थांबल्या. मागून आईचा आवाज येत होता, "काय लिहिलंय? भरले ना?" काकू म्हणाल्या, "हो हो, तो भरतोय." मग हळू आवाजात मला म्हणाल्या, "मेल्या, चार वर्षं काय झोपला होतास? महिन्याच्या आत भरले नाहीत तर टाळं लावून लिलाव करतील."

पालिकेत फोन केला. कारकून म्हणाला, हप्ते नाहीत. मी हातापाया पडलो. तो म्हणाला, "पाच बिलं आणि वर तीन नोटिसा पाठवल्या, तेव्हा कुठे होता साहेब?" तेव्हा मी कुठे होतो ते मलाही नीट सांगता येईना.

दोन दिवसांनी आईला कळले. तिने आठही कागद तारेवरून काढून खाटेवर मांडले आणि काकूंना एकेक विचारले, हा कशाचा, हा कशाचा. मग मला फोन केला. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. एवढेच म्हणाली, "मी तुला दर वेळी सांगत होते ना रे, कागद आला म्हणून?"

तरी नोंद असावी की तिने एकही कागद हरवला नाही. चूक सर्वस्वी माझी.

कलम तिसरे. काका, वडिलांचे धाकटे भाऊ. दारावरचा कागद पाहून दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला. "घर माझ्या नावावर कर, उद्याच्या उद्या भरतो. वहिनी राहतील की, मी काय त्यांना बाहेर काढणार आहे? तसंही ती पुढची भिंत वाकडी आहे, बाहेरचा कोण घेणार?" वडील गेल्यानंतर चौथ्या दिवशी काकांनी त्यांचा भिंत सरळ आहे का ते पाहायचा पितळेचा ओळंबा नेला, दोन दिवसांत आणतो म्हणून. नऊ वर्षे झाली. काकांना मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही.

कलम चौथे. जंगम मिळकत. वडिलांची थापी व रंधा ताईच्या घरी जावे, तिची मुलगी मातीत खेळते, तिला द्यावे. माझा मोबाईल आईला. त्यात तिचे फोन मी साठवून ठेवलेले नाहीत, त्याबद्दल माफी. पेटी खालच्या खाटेवाल्याच्या बायकोला, आत जे असेल त्यासकट. लाँड्रीच्या मालकाकडे माझा अठरा दिवसांचा पगार अडकला आहे, तो बुडाला असे समजावे, पण त्याच्या दारावरून कोणी गेले तर एकदा मोठ्याने मागावा. बूट समोरच्या खाटेवरच्या वेल्डरला द्यायचे होते, माप बरोबर बसते. पण तो साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराने काही घ्यायचे नसते असे तोच म्हणतो. वर म्हणाला, "बूट तूच झिजव, भिंगऱ्या. मला जुने आवडत नाहीत."

कलम पाचवे. मला धुराड्यात काही झाले तर ठेकेदार भरपाई देईन म्हणतो. देईलही, पण त्याच्या चालीने. तोवर दाराला टाळे लागेल. म्हणून ताईने थांबू नये. हातातली अर्धी रक्कम आणि आठही कागद घेऊन आईसोबत पालिकेत जावे, कारकुनाकडे नाही, त्याच्या वरच्या साहेबाकडे. रडू नये. आईला बोलू द्यावे, तिला ती खिडकी माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

साहेबानेही ऐकले नाही तर.

इथे मी बराच वेळ थांबलो. वेल्डर म्हणाला, राहू दे, उद्या लिही. पण उद्या मी वर असेन.

साहेबानेही ऐकले नाही तर कलम तिसरे मी रद्द करतो. ताईने काकांना हो म्हणावे. घर त्यांना द्यावे. अट एकच, आई असेपर्यंत तिला कोणी उठ म्हणणार नाही, आणि हे स्टँपपेपरवर लिहून, शिवणवाल्या काकूंकडून मोठ्याने वाचून घेऊन, मगच सही. काका, तुम्ही जिंकलात असे समजा. फक्त तो ओळंबा घेऊन या आणि सही करण्याआधी आईसमोर पुढच्या भिंतीला लावा. भिंत सरळ आहे. तेवढे तुमच्या तोंडाने तिला सांगा.

कलम सहावे. हे मृत्युपत्र वेल्डरच्या उशाखाली राहील. वीस दिवसांनी मी खाली उतरून उरलेली मजुरी पाठवली तर त्याने ते माझ्यासमोर फाडावे, आणि मी पुढचे कुठलेही काम धरण्याआधी घरी जाईन. पेटी उचलून एकदा तरी त्या दिशेने जाईन, असे इथे लिहून देतो. पुढच्या वर्षी आईऐवजी रांगेत मी उभा राहीन.

आई, आणि हा कागद तुझ्या हातात पडला तर एक ऐक. हा तारेला लावू नकोस. काकूंना उजेडात बसव आणि पहिल्या ओळीपासून वाचून घे. त्या मध्येच थांबल्या तर म्हण, पुढे वाचा.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, साक्षीदारांना वाचून दाखवले, त्यांच्यादेखत सही केली.

सही: भिंगरी (शाळेत करायचो तशी पूर्ण नावाची सही खाली वेगळी केली आहे)

साक्षीदार पहिला: वेल्डर, समोरची खाट. सही.

साक्षीदार दुसरा: खानावळीचा आचारी. सही येत नाही, डाव्या हाताचा अंगठा. अंगठा उठवण्याआधी त्याने सगळे माझ्याकडून पुन्हा एकदा वाचून घेतले.

ठिकाण: कामगारांची खोली, वरची खाट.

तारीख: दारावरच्या कागदाची मुदत संपायला एकवीस दिवस बाकी. दोर अजून आलेला नाही.