शाळेमागची जमीन

करामा, दुबई, शुक्रवार, संध्याकाळ

उद्या सकाळी एजंटला उत्तर द्यायचंय. इंडोनेशियातल्या त्या खेड्यात आयुष्याची शिल्लक घालायची आणि तिथेच जाऊन राहायचं, की नाही? परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही, पंचवीस वर्षांचा भाडेकरार होतो, हे त्याने आज सांगितलं. वर म्हणतो, "अंकल, साइन करो, खलास!" मी एकाहत्तरचा.

चहाच्या वेळी सुमनला सांगितलं, तर ती हसलीच. "चाळीस वर्षं दुबईत भाड्याने, आता तिथेही भाड्यानेच? आणि करार तुमच्यापेक्षा जास्त जगणार!"

खरं आहे. तरी तिला एजंटचा व्हिडिओ पुन्हा दाखवला. भातखाचरं, माडांची रांग, पुढे पत्र्याची शाळा. आत मुलं एका सुरात काहीतरी म्हणतायत. भाषा कळत नाही, पण ओळीचा शेवट लांबवायची तीच तऱ्हा. लहानपणी गावच्या शाळेत गुरुजींपुढे आम्ही कविता अशाच म्हणायचो. डोळे मिटून, पुढेमागे डुलत.

सुमनने व्हिडिओ थांबवला. "अहो, जमीन तुम्ही बघतच नाही. शाळा आली की आवाज तेवढा वाढवता."

जमीन सपाट आहे की उतरती, विहीर आहे का, मला खरंच सांगता येईना. इतक्या वेळा पाहून!

एजंटला आत्ताच कळवलं. जमीन नको. शाळेजवळ आम्हा दोघांना महिनाभर एखादी खोली मिळेल का? शाळेला सुटी असेल तो महिना मात्र नको.