पांढऱ्या कागदाची पुडी

सेंदाई, ऑक्टोबर १९३५

प्रिय योशिझो,

मंगळवारी आईने पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे भाताची वाटी ठेवली, उदबत्तीसाठी खण उघडला, तर आत पांढऱ्या कागदाची पुडी. तुझी कापलेली नखं आणि केसांची बट. आघाडीवर जाणारे घरी ठेवून जातात तशी. देह परत आलाच नाही, तर निदान तेवढं पुरता यावं म्हणून. "पोराला मांचुरियाला बोलावलं वाटतं, सांगवेना त्याला," म्हणत आई रडली. लष्कराने तुला डोळ्यांमुळे नाकारलंय, हे तू फक्त मला सांगितलं होतंस.

त्यानंतरच तू तलवारबाजीच्या त्या आखाड्यात जाऊ लागलास. एकदा जेवताना म्हणालास, "ताई, तुला विद्यापीठात कायदा शिकवणारे ते कुराता गुरुजी त्यांच्या पुस्तकात सम्राटांना राज्याचा एक अवयव म्हणतात म्हणे. कोणता गं, कोपर की गुडघा?" बाबा हसले, मीही हसले. तू हसला नाहीस. "अशा जिभा छाटायच्या असतात," म्हणालास आणि लोणच्याची फोड उचललीस.

गेल्या आठवड्यात किती सहज विचारलंस, "रविवारी घरी असतात का गं ते?" मला वाटलं, तुला त्यांच्याशी वाद घालायचाय. मी आनंदाने सांगून टाकलं, सकाळी एकटेच शेवंतीची निगा राखतात, फाटक उघडंच असतं. पुडी पाहिली तेव्हा माझे ते शब्द आठवले आणि कळलं, तू कोणत्या आघाडीवर निघालायस. पोलिसांत जाणार होते, पण इथला फौजदारच तुमच्या आखाड्यात शिकवतो. गुरुजींना गाव सोडा म्हटलं. "आत्ता कुठे फुलं उमलतायत, मिसाओ," एवढंच म्हणाले. आणि पुन्हा सुकलेली पानं कातरू लागले.

चौदाव्या वर्षी शाळा सोडून तू बाबांबरोबर खडावा तासायला बसलास, म्हणून घरातली पहिली पदवी मला मिळाली. गुरुजींच्या त्या पुस्तकातलं, सम्राटही राज्यघटनेच्या आतच असतात एवढंच, मी तुला कधी समजावून सांगितलं नाही. तुझ्या अक्षरातल्या चुका तेवढ्या काढल्या. तुला ज्यांनी समजावलं, ते आखाड्यात बसले होते.

मला फार भीती वाटते आहे, योशिझो. म्हणून कालच गुरुजींकडे राहायला आले. रविवारी फाटकाला आतून कडी असेल. तू वाजवलंस की उघडायला मीच येईन आणि दारातून हलणार नाही. पुडी माझ्या कमरपट्ट्यात आहे. ती घे आणि माझ्याबरोबर घरी चल. आईला मी अजून काही सांगितलेलं नाही.

दारातच उभी असलेली,
तुझीच ताई,
मिसाओ