प्रेमलाले मुका घेता येत नाही

६ मार्च १९६०, रविवार
प्रेमला आर्वीहून आली अन् कारखान्याच्या वसाहतीतलं सेक्टर २ चं क्वार्टर घरासारखं वाटून राहिलं. नवीन लग्न. आज स्वयंपाकघरात पहिल्यांदा मुका घेतला. तिनं पदर तोंडात कोंबला. हासूनहासून बेजार. म्हणे, "तुमच्या टाइम ऑफिसातला हजेरीचा शिक्का मारून राहिले का?" बिचारी! तिले अनुभव नाही. मलेही नाही, पण पुरुषाले ते उपजतच असते. तरी सराव वाढवायचा. तिच्यासाठी.

८ मार्च, मंगळवार
पोलाद कारखान्याच्या गेटवर एक रशियन साहेब मायदेशी चाललेल्या दोस्ताले निरोप देऊन राहिला होता. खांदे धरले अन् गालांवर फटाफट मुके! काय ती पकड! सारं खांद्यात आहे, हे समजलं. संध्याकाळी तसंच केलं. प्रेमलाच्या हातात वरणानं भरलेलं गंज होतं. वरण माझ्या पॅन्टवर, चष्मा वरणात. म्हणे, "कायले भांडून राहिले?" सुरुवात म्हणून वाईट नाही.

११ मार्च, शुक्रवार, सकाळी
आरशासमोर प्रॅक्टिस. ओठ पुढं, डोळे अर्धे मिटलेले. छान दिसून राहिलो होतो. शेजारच्या भीमाबाईनं खिडकीतून पाहिलं. प्रेमलाले म्हणे, "बाई, नवऱ्याले बाहेरचं लागलं. उतई गावाले एक बैगा आहे, झाडफूक करते." दारावर आता लिंबू-मिरची. मोठ्या कामात अडथळे येतातच.

१२ मार्च, शनिवार
ऑफिसात बाजूच्या टेबलावरच्या गुलाबरावले सहज विचारलं, मुका चांगला कसा घ्यावा. एका दोस्ताले पाहिजे म्हटलं. तो म्हणाला, "दोस्ताले सांग, तंबाखू सोड. अन् आधी बायकोजवळ घडीभर बोलत बस." गुलाबरावचा अभ्यास कच्चा आहे. तंबाखू सोमवारपासून बंद. अन् बोलायचं काय? बोलतोच की. भाजीत मीठ कमी असलं की लगेच सांगतो.

१५ मार्च, मंगळवार, पहाटे
झोप नाही. तिचा भाऊ जानराव तिले माहेरी न्यायले आला आहे. होळीनंतर जायचं तिनंच ठरवलं म्हणे. बरंच झालं. विरहानं गोडी वाढते. दुर्ग स्टेशनावर निरोपाचा असा मुका घेतो, की आर्वीपर्यंत आठवण राहील. तंबाखू बंद करायचं काल राहूनच गेलं.

तोच दिवस, दुपारी
डब्यात गर्दी. खिडकीतून तोंड घालायले गेलो तर मधात सळया. नाक चेपलं. प्रेमला हळूच म्हणाली, "ते राहू द्या. मले खायले काय आवडते, तेवढं सांगा."

मी ठासून म्हटलं, "पोळी!"

डब्यात तिच्या मागून जानराव म्हणाला, "जवाईबुवा, गव्हानं तिचं पोट दुखते. लहानपणापासून."

तिनं त्याले डोळ्यानंच गप केलं. इतके दिवस माझ्यासंगं रोज पोळीच खाऊन राहिली होती. बोलली नाही. मी विचारलंही नाही.

गाडी हालली. मी खिडकीच्या बाजूबाजूनं धावलो. विचारलं, "येशील कधी?"

म्हणे, "पाहू."