मालकाच्या रकान्यातले नाव

प्रति,
मा. सहायक संचालक,
ग्रामीण संगणक प्रशिक्षण योजना,
जिल्हा कार्यालय, वाशिम.

विषय : ओपन सोर्स साधनसंचाच्या मालकीतून अर्जदाराचे नाव कमी करून मेडशी केंद्राचे कुलूप उघडून मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या कार्यालयाची नोटीस, दि. ११ नोव्हेंबर २०२५.

महोदय,

१. अर्जदार मेडशी केंद्रावर कंत्राटी निदेशक असून चौदा मुलींना प्रोग्राम लिहायला शिकवतो. जुलैत आपल्याकडून छापील नमुना आला : प्रोग्राम लिहिण्या-चालवण्याचा साधनसंच कंपनीचा परवान्याचा हवा की ओपन सोर्स, ते कळवावे. केंद्रातील नऊ संगणक इतके जुने, की कंपनीचा संच त्यांवर उघडतच नाही. म्हणून अर्जदाराने ओपन सोर्स लिहिले. यात फार डोके चालवले, असा अर्जदाराचा दावा नाही.

२. नमुन्यात सातवा रकाना होता, 'मालकाचे नाव व सही'. असा संच जगभरची हजारो माणसे मिळून घडवतात आणि कोणालाही वापरू देतात. त्याला एक मालक नसतो. म्हणून रकाना कोरा ठेवला. नमुना दोनदा परत आला. तिसऱ्या खेपेस आपल्या कार्यालयातील आवक-जावकच्या नीलिमा मॅडमना अर्जदाराची कीव आली. त्या म्हणाल्या, "रकाना खाली राह्यला का कागद वापस येते, सर. तुमचंच नाव टाकून द्या न. कोन पाह्यते?" अर्जदाराने नाव टाकून सही केली. चूक झाली, ती कबूल आहे.

३. पाहणारे निघाले. निदेशकाने स्वतःच्या मालकीचे सॉफ्टवेअर शासकीय केंद्रात घुसवले, असा ठपका येऊन केंद्राला कुलूप लागले. अर्जदाराने सविस्तर खुलासा दिला. त्यावर 'खऱ्या मालकाचे संमतिपत्र सही-शिक्क्यासह आणावे' असा शेरा आहे. ते आणायला अर्जदाराने कोठे जावे?

४. मग कंपनीचाच संच द्या, असेही विनवून झाले. त्यासाठी नवे संगणक लागतात, आणि चौकशी चालू असलेल्या केंद्राला नवे संगणक देता येत नाहीत, असे कळवण्यात आले.

५. प्रात्यक्षिक परीक्षा १९ डिसेंबरला आहे. ती हुकली तर मुलींना पुन्हा प्रवेश नाही. विद्यार्थिनी पल्लवी हिची आई प्रयागबाई तुरीच्या वावरातून परतताना रोज कुलपापाशी थांबून विचारतात, "पोरगी वहीत कीबोर्ड काढून त्याच्यावर बोटं चालवून राह्यली. कुलूप कायले लावलं, सर?" हल्ली त्या दिसल्या की अर्जदार वाट बदलतो, आणि त्याची त्याला लाज वाटते.

६. तरी, जे कधीच अर्जदाराचे नव्हते, ते अर्जदार याद्वारे सोडून देत आहे. मालक कोणालाही करावे. आपल्या कार्यालयालाच केले तरी हरकत नाही. संच कोणताही द्यावा. अर्जदारास कामावरून कमी करावयाचे असल्यास तेही करावे. फक्त कुलूप त्याआधी उघडावे, एवढीच विनंती.

आपला नम्र व कागदोपत्री मालक,
(सही)
संघदीप दौलतराव पडघान
मेडशी, ता. मालेगाव, जि. वाशिम
दि. १ डिसेंबर २०२५

सोबत :
१) नोटिशीची प्रत.
२) हक्कसोडपत्र, मुद्रांकावर.
३) मुलींनी वहीत हाताने लिहिलेले चौदा प्रोग्राम. चालतात की नाही, हे तपासता आलेले नाही.