मावशीच्या गल्लीतला गाळ

१८ जुलै

ती. दादास,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत. आईचे गुडघे तेवढे कुरकुरतात. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. अर्ध्यावर टाकू नकोस.

माझं काम विचारशील तर डोक्याला ताप आहे. गटारात गाळ किती साचलाय ते कळावं म्हणून पालिकेने चेंबरच्या झाकणाखाली सेन्सर बसवले. कल्पना छान. पण एकाला चिंधी अडकते, दुसऱ्यात झुरळं घर करतात, आणि साहेबांना ऑफिसच्या पडद्यावर सगळं हिरवं हवं. परवा म्हणाले, "लाल दिसलं की मला वर उत्तर द्यावं लागतं. रंग बदलता येत नाही का?" मी म्हटलं, "येतो. गाळ काढला की." तेव्हापासून बोलत नाहीत. तेवढीच शांतता.

मावशीच्या बाथरूममधून घाण पाणी वर आलं, गाद्या फेकाव्या लागल्या, ते तुला माहीतच आहे. सफाईवाले झोपा काढतात अशी तक्रार तूच केलीस. त्यावरून मुकादमाला नोटीस निघाली. तो येऊन माझ्यावरच उखडला, "ताई, लाइन साफ केली की आठवड्यात पुन्हा भरते. तुमचं यंत्र खोटं बोलतंय की आम्ही?"

म्हणून मावशीच्या गल्लीपासून वर वर जात एकेका चेंबरमध्ये सेन्सर सोडला. तू बांधतोयस त्या नव्या इमारतीच्या वरच्या बाजूला पाइप स्वच्छ. खालच्या बाजूला निम्म्याहून जास्त भरलेला. पुन्हा चिंधीच असेल म्हटलं. खरं सांगते, चिंधीच असावी असं वाटत होतं. झाकण उघडलं तर राखाडी घट्ट चिखल, आणि त्यात तुझ्या सिमेंटच्या मिक्सरचं धुतलेलं पाणी सोडलेला पाइप. वॉचमन म्हणाला, "शेठनीच सांगितलंय. गाळ बसवायची टाकी बांधायला वेळ नाही."

तुला फोन केला तर हसलास. "यंत्र बिघडलं म्हण. घरातलं घरात मिटव." त्यानंतर फोन उचलणंच बंद. दादा, मावशी कुणाच्या घरातली आहे?

इतकं पाल्हाळ लावलं, कारण पुढचं लिहायला हात धजत नाही. अहवाल मी कालच दिला, फोटोंसकट. मुकादमाची नोटीस मागे घेतली गेली. सोमवारी तुझं काम थांबवायला माणसं येतील. आधी कळवलं असतं तर तू पाइप गुंडाळून ठेवला असतास, आणि नोकरी मुकादमाची गेली असती.

आईला काही बोललेले नाही. तू मावशीकडे जा. फरशी पुसायला माणूस पाठवू नकोस, स्वतः जा, आणि पाणी कुठून आलं ते तिला सांग. तू नाही सांगितलंस तर मला सांगावं लागेल. मला ते नको आहे.

रागावशील, ते धरूनच चालले आहे. अहवालाखाली पूर्ण नाव लिहिलंय. आडनाव तुझंच आहे, तेही गाळलेलं नाही.

तुझी,
धाकटी