बाबांच्या छातीतला प्रकाश

ओउलू, ३ नोव्हेंबर

ति. तायमीताईस,
ओस्मोचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र नाही, म्हणजे तू दमलेली आहेस एवढं कळतं. मी तरी कुठं ताजातवाना आहे! प्रयोगशाळेत दिवसभर डुकराच्या मांसातून प्रकाश पाठवून बघतो. घरी आल्यावर ताटातल्या मांसाकडे बघवत नाही.

काळजी वेगळीच आहे. बाबांच्या छातीत कातडीखाली बसवलेला आमच्या प्रयोगशाळेचा मणी हृदयाचे आकडे न दिसणाऱ्या प्रकाशातून बाहेर पाठवतो, छातीवरची चकती तो टिपते आणि आकडे माझ्यापर्यंत येतात. महिनाभर हा प्रकाश मधूनच बंद पडतोय. दोनदा तुमच्याकडे धावत आलो, तर माझ्यासमोर सगळं सुरळीत! मी परतलो की पुन्हा अंधार. मणीच बिघडला असणार. डॉक्टर पंधरा तारखेला छाती पुन्हा उघडायची म्हणतात. त्र्याऐंशीव्या वर्षी बाबांना भूल सोसेल का? मला फार भीती वाटते. त्यांना घेऊन ये.

लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नकोस.
तुझा ओस्मो

मुहोस, ७ नोव्हेंबर

चि. ओस्मो यास अनेक आशीर्वाद.

शस्त्रक्रिया मी डॉक्टरांना सांगून थांबवली आहे. ओरडू नकोस, आधी वाच.

काल शनिवारचा सौना, म्हणजे वाफेचं स्नान, झाल्यावर बाबा कपडे घालायला इतका वेळ का लावताहेत म्हणून मी आत डोकावले. महाशय बाकावर बसून छातीला पाइनच्या डांबराचं मलम चोपडत होते! खोकल्यावर त्यांच्या आईच्या वेळचं औषध. होडीचं बूड रंगवावं तसं काळंकुट्ट, आणि वर तुझी चकती नीट पट्टीने बांधलेली. तुझा प्रकाश बिचारा काय करणार?

मी म्हटलं, अहो बाबा, यापायी तुमची छाती फाडायला निघालेत ते! तर म्हणाले, पहिल्यांदा खरंच खोकल्यासाठी लावलं होतं, पण दुसऱ्याच दिवशी ओस्मो धावत आला. मग तो येणार म्हटलं की पुसून टाकायचो, गेला की पुन्हा लावायचो. आकडे पोचत असले की तो वर्षभर फिरकत नाही. फाडू देत, तेवढे आठ दिवस तरी पोरगा उशाशी बसेल.

मला रागही आला आणि रडूही. इतके हिवाळे मी त्यांच्या उशाशी बसते आहे, ते कुणाच्या आकड्यांत नाही. मी थकले रे, ओस्मो. लोणी चोळलं की डांबर निघतं, पण मी ते काढणार नाही. तू येऊन काढ. लोणी ओट्यावर आहे. मी वरच्या खोलीत झोपलेली असेन. दोघांनीही मला उठवू नका.

माया असू दे.
तुझी तायमीताई